सरदार पेरूचं मूळ गाव

दौंड तालुक्यातल्या खुटबावच्या बागायतदाराला ‘सरदार’ पेरू वेगळा सांगावा लागत नाही. पांढरा गर, मऊ बी, आडवं पसरणारं झाड. पण हे वाण पुण्याच्या गणेशखिंडीत जन्मलं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तिथल्या फळ संशोधन केंद्रात १९२७ मध्ये डॉ. जी. एस. चीमा यांनी अलाहाबाद सफेद्याच्या रोपांतून ते निवडलं. त्याचं दुसरं नाव एल-४९. पेरूची बी पेरली तर झाड आईच्याच गुणाचं निघेल याची खात्री नसते, म्हणून बागेत कलम लावतात. दाब कलम म्हणजे त्याच झाडाच्या फांदीला मुळं फोडून ती वेगळी करणं. तेव्हा कलमातून आलेलं सरदारचं प्रत्येक झाड, मग ते दौंडात असो वा उत्तर प्रदेशात, गणेशखिंडीतल्या त्या एकाच झाडाचा वाढत गेलेला भाग आहे. फळबागेतलं याहून मोठं नवल मला माहीत नाही.

त्या केंद्राची बाग आजही आहे आणि ती राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची आहे. उसाचं ‘फुले २६५’ देणारं तेच विद्यापीठ. इंग्रजांनी १८७३ मध्ये इथे वनस्पती उद्यान उभारलं. जी. मार्शल वुड्रो यांनी त्याचा कारभार पाहिला. पुढे त्यांनी आंब्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं.

शेजारी मुंबईच्या गव्हर्नरांचा पावसाळी मुक्कामाचा वाडा. त्यात १९४९ पासून पुणे विद्यापीठ आहे. त्याच्या ४११ एकरांच्या आवारात जुने वड आहेत, गोरखचिंच आहे. पहाटे फिरायला येणारे पुणेकर आणि वनस्पतिशास्त्राची मुलं एकाच सावलीतून जातात.

भोवती शहर दाटत गेलं, गणेशखिंड रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहिले. अशा ठिकाणची जमीन किती मोलाची, हे सांगायला नको. म्हणूनच २०२० सालचा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो: जैविक विविधता कायद्याखाली कृषी विद्यापीठाच्या बागेचं सुमारे ३३ हेक्टर क्षेत्र राज्य सरकारने जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. जुनी मातृझाडं टिकली तरच पुढच्या कलमांना डोळे आणि काड्या मिळतात. ती तुटली तर नुसत्या नोंदवहीतून वाण परत उभं करता येत नाही.

दौंड, शिरूरच्या शाळांनी पुण्याची सहल काढताना केंद्राची परवानगी घेऊन ही बाग जरूर दाखवावी. शेतकऱ्यांच्या मुलांना कलम कसं बांधतात हे घरी ठाऊक असतं. नवं वाण रोपांच्या रांगेतून कसं हेरतात, हे मात्र तिथेच कळेल.