शीवरचा रफार

सकाळी सात. दुकानाचं शटर वर करण्याआधी मी कालंका देवीच्या देवळाकडून एक फेरी मारून येतो. या हेमाडपंती देवळात शके १०९८चा, म्हणजे इ.स. ११७६चा शिलालेख आहे. त्या काळच्या कोरीव नागरीत एकाराची मात्रा बहुतेकदा डोक्यावर नसे, अक्षराच्या डाव्या अंगाला उभी असे. तिला पृष्ठमात्रा म्हणतात. शब्दांमध्ये जागा सोडायचीही रीत नव्हती. छिन्नीचा घाव पुसता येत नाही, त्यामुळे सगळा विचार घावाआधीच व्हायचा. दिवस इथून सुरू केला की माझाही हात जपून चालतो.

साडेआठ. लग्नसराई. रात्रभरात मोबाइलवर मजकूर येऊन पडलेले असतात: पत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, कृषी केंद्राचा फलक. प्रत्येकाच्या तळाशी पत्ता असतो आणि माझी पहिली तपासणी तिथंच होते. ‘बार्शीटाकळी’ हे आमच्या गावाचं नाव अक्षरं जोडणाऱ्याची परीक्षाच घेतं. शीवर दीर्घ वेलांटी, तिच्या टोकाला रफार, शेवटी ळीची पुन्हा वेलांटी. मोबाइलवरचा मजकूर युनिकोडमध्ये येतो. दुकानातले बरेच जुने फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे आहेत. त्यांत रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये मात्र ‘र्’ अक्षराच्या आधी साठवला जातो. एकातून दुसऱ्यात बदल करताना हा क्रम नीट सांभाळला गेला नाही, तर रफार एक घर पुढं सरकतो आणि ‘बाशीर्टाकळी’ होतं. माझ्या हातून असा एक दहा फुटी फलक छापून गेला होता. तो मी स्वखर्चानं बदलून दिला. तेव्हापासून गावाचं नाव मी बोट ठेवून वाचतो.

साडेनऊ. कृषी केंद्राचा फलक. यात ल आणि श पुष्कळ. मराठीचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयानं हीच रूपं प्रमाण ठरवली आहेत. पण संगणकावर भाषा मराठी निवडली नाही, तर पुष्कळ फॉन्ट हिंदी वळणाचा दंडाचा ल पुढं करतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेनं केलेले मुक्ता आणि बलू हे फॉन्ट कुणालाही मोफत वापरता येतात आणि त्यांत मराठी वळणं आतच ठेवलेली आहेत. विंडोजमधला मंगल हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला. इतक्या जाणत्या माणसांनी एका ‘ल’साठी डोकं घातलं असताना मी कळफलकावर जे येईल ते छापणं मला पटत नाही.

अकरा वाजता स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेणारे काका आले. वरण-रोडग्याच्या जेवणासाठी त्यांचं पंचक्रोशीत नाव आहे. मजकुरात ओळ होती, ‘अनुभवी आचार्यांकडून’. मी म्हटलं, “काका, हे तर गुरुजी झाले. तुमचे आचारी पाह्यजेत.”

“काय फरक पडते बाप्पा? समजते लोकायले.”

मी कागदावर दोन्ही लिहून दाखवलं. आचार्यचं अनेकवचन ‘आचार्यांकडून’, आचारीचं ‘आचाऱ्यांकडून’. एकात र डोक्यावर चढतो, दुसऱ्यात तो यच्या कडेला छोट्या कोयत्यासारखा टेकतो. हे चिन्ह मराठीनं मोठ्या हौसेनं जपलंय. दर्या आणि दऱ्या यांतला फरक त्याच्यावरच उभा आहे. काकांनी कागद दूर धरून पाह्यला, जवळ धरून पाह्यला. “हाव, आमचंच कोयत्यावालं टाक,” म्हणाले. त्या एका अक्षरासाठी मी फॉन्ट बदलला, कारण आधीच्यात ते चिन्ह ओळीखाली लोंबत होतं.

दीड वाजता डबा.

दोन. वाढदिवसाचा फ्लेक्स, दहा बाय आठ. चौदा चेहरे आणि पाच रंगांतली नावं हवीत. मी एक चेहरा मोठा केला, बाकीचे खाली एका ओळीत लावले आणि नावाभोवती जागा सोडली. गिऱ्हाइकाची तक्रार लगेच आली. “पैशे पुऱ्या फुटाचे घेता अन् अर्धी जागा कोरीच काहून?” प्रश्न रास्त आहे, पैसे त्याचे आहेत. उत्तर तोंडी देऊन भागत नाही. दोन्ही नमुने छापून भिंतीला लावतो आणि गिऱ्हाइकाला रस्त्यापलीकडे उभं करतो. माझा हिशेब दहा फूट अंतरामागे एक इंच उंचीचं अक्षर, आणि देवनागरीत वर मात्रा, खाली उकार असल्यानं त्याहून थोडं जास्तच. रस्त्यापलीकडून त्याला एका फलकावर फक्त रंग दिसले, दुसऱ्यावर भावाचं नाव दिसलं. चेहरे चौदाचे नऊ झाले.

साडेतीन. आजचं सगळ्यात आवडतं काम: बेकरीचा फलक, मराठी आणि उर्दू. २०२२च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या प्रत्येक दुकानावर मराठी देवनागरीत, सुरुवातीला आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत लागते. शेजारच्या पातूरच्या नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दू असण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १५ एप्रिल २०२५ला न्यायालयानं तिथली उर्दू कायम ठेवली. निकालाची बातमी मी दुकानात मोठ्यानं वाचली होती.

मांडणीचा पेच मात्र न्यायालयाच्या पलीकडचा. देवनागरी शिरोरेषेला टांगलेली असते, डावीकडून उजवीकडे सरळ जाते. उर्दूचा नस्तालीक उजवीकडून निघून तिरका खाली उतरतो आणि त्याला उभी जागा जास्त लागते. दोघांना एकाच उंचीच्या पट्टीत बसवलं की उर्दू दबते. म्हणून मी मराठी वर ठेवली, अक्षरं तेवढीच मोठी, आणि खाली उर्दूसाठी पट्टी रुंद केली. मराठी डाव्या कडेला, उर्दू उजव्या कडेला, मधे काही नाही. बेकरीवाल्या चाचांनी उर्दू वाचणाऱ्या मास्तरांना सोबत आणलं होतं. त्यांनी एक नुक्ता सरकवायला सांगितला. सरकवला.

साडेपाच. अक्षरांचे कर्व्ह करून फाइली अकोल्याला छपाईला पाठवल्या. कर्व्ह केले की अक्षर चित्र होतं आणि तिकडच्या संगणकावर फॉन्ट नसला तरी मोडत नाही.

साडेसात. कालच्या फाइलींचा रोल अकोल्याहून गाडीनं आला. कृषी केंद्राचा आधीचा छोटा फलक त्यातच होता, तो लगेच लावायचा होता. शिडी नुसती धरली नाही, मीच चढलो. वरून खिळा ठोकताना कापडावर सुरकुती पडत होती, नेमकी पत्त्यावर. ताण देऊन ती काढली. मग खाली उतरून रस्त्यापलीकडे गेलो आणि बोट हवेत धरून वाचलं: बा, र्शी, टा, क, ळी. रफार शीवरच होता.