रांग आणि साखळी

संगणकाच्या स्मृतीत माहिती ठेवायची, म्हणजे ती पुन्हा चटकन सापडली पाहिजे आणि तिच्यात मध्येच भरही घालता आली पाहिजे. या दोन्ही गरजा एकाच मांडणीतून सारख्या भागत नाहीत. म्हणून संगणकशास्त्राचा विद्यार्थी सुरुवातीलाच दोन मांडण्या शिकतो: ॲरे आणि लिंक्ड लिस्ट. आपण त्यांना रांग आणि साखळी म्हणू.

रांग नाट्यगृहातल्या क्रमांकाच्या खुर्च्यांसारखी असते. सारे घटक एकमेकांना लागून बसतात आणि प्रत्येकाला सारखीच जागा मिळते. रांग १००० या पत्त्यापासून सुरू होत असेल आणि प्रत्येक संख्येला ४ बाइट लागत असतील, तर ५००वी संख्या १००० + (४९९ × ४), म्हणजे २९९६ या पत्त्यावर असते. आधीच्या ४९९ संख्यांकडे पाहावेही लागत नाही. १९५७ साली आलेल्या फोर्ट्रान या भाषेने शास्त्रीय आकडेमोडीसाठी हीच मांडणी हाताशी दिली. मात्र हजार संख्यांच्या रांगेत दहाव्या जागी नवी संख्या बसवायची, तर ९९१ संख्यांना एकेक घर मागे सरकावे लागते.

साखळीचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. १९५५-५६ च्या सुमारास ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन हे व्हाइटहेड व रसेल यांच्या ‘प्रिन्सिपिआ मॅथेमॅटिका’तील प्रमेये संगणकाकडून सिद्ध करून घेण्याच्या खटपटीत होते. सिद्धता शोधताना किती विधाने तयार होतील, हे आधी सांगता येत नव्हते; मग जागा राखून ठेवणार किती? त्यांनी प्रत्येक घटकासोबत पुढच्या घटकाचा पत्ता ठेवला. लपवलेल्या चिठ्ठ्यांच्या खेळात एका चिठ्ठीत पुढचीचा ठावठिकाणा असतो, तसेच हे. नवा घटक घालताना दोन पत्ते लिहिले की काम झाले. कोणालाही सरकावे लागत नाही. पण ५००वा घटक हवा असेल, तर पहिल्यापासून ४९९ वेळा पुढे जावे लागते. मधला एक पत्ता हरवला, तर पुढची साखळीच हाती लागत नाही.

यावरून पाठ्यपुस्तकी निष्कर्ष निघतो: शोधण्यासाठी रांग, भर घालण्यासाठी साखळी. हा निष्कर्ष पायऱ्या मोजतो. प्रत्येक पायरीला लागणारा वेळ मोजत नाही. आजचा प्रोसेसर स्मृतीतून एकेक संख्या आणत नाही, साधारणपणे ६४ बाइटांचा गठ्ठा उचलतो. रांगेतल्या १६ संख्या त्यात एकदम येतात. साखळीचा पुढचा घटक मात्र कुठेही असू शकतो आणि तो येईपर्यंत प्रोसेसर ताटकळतो. शिवाय ६४ बिटांच्या यंत्रावर पत्त्यालाच ८ बाइट लागतात. ४ बाइटांच्या संख्येसाठी दुप्पट जागा नुसत्या पत्त्यावर जाते. आणि भर घालण्याची जागा मुळात शोधावी लागतेच.

न्यूएल यांच्या काळी प्रोसेसर आणि स्मृती यांच्या वेगात आजच्याएवढी दरी नव्हती. ती रुंदावली तसे उत्तर बदलले: आज अनुभवी प्रोग्रामर बहुधा आधी रांगच वापरून पाहतात. साखळी बाद झालेली नाही. घटक आधीच हाती असेल आणि तो नुसता जोडायचा किंवा सोडवायचा असेल, तिथे ती उपयोगी पडते. लिनक्सच्या गाभ्यात ती जागोजागी आढळते. दोन्ही मांडण्यांच्या पायऱ्यांचे गणित तेव्हाही हेच होते, आजही हेच आहे. बदलले ते खालचे यंत्र, आणि त्याच्याकडे न पाहता केलेली निवड कागदावर बरोबर असूनही संथ ठरू शकते.