लहान कुत्र्याची कंबर धरली तर...

अकोटच्या आमच्या वस्तीतली ही गोष्ट. शेजारच्या ताई जिनिंगमध्ये रोजाने कामाला जातात. त्यांचा भाऊ पुण्याला एका सोसायटीत वॉचमन आहे. तिथल्या एका घरी नकोसा झालेला कुत्रा त्याने भाच्यासाठी आणून दिला. पाय आखूड, पाठ लांबलचक, कान लोंबते. नाव ब्रुनो. वर्षभरात तो घरातलाच एक होऊन गेला.

एकदा आठवडाभर तो बाजेवर उडी मारीनासा झाला. पाठीला बाक काढून बसायचा, मधूनच थरथरायचा, उचलायला गेले की कण्हायचा. ताईंना वाटले, थंडी वाजत असेल. एका रात्री फारच विव्हळला म्हणून त्यांनी घरातली अंगदुखीची अर्धी गोळी भाकरीतून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा ओरडला, "आई वो, ब्रुनो उठूनच नाही राह्यला!" पुढच्या दोन पायांवर तो अंग ओढत होता आणि मागचे दोन्ही पाय फरपटत येत होते.

घरात गर्दी जमली. कोणी म्हणे गरम विटेने शेका, कोणी म्हणे तेल चोळा, एकाने तर डाग द्यायला सांगितले. एक गृहस्थ म्हणाले, "आता काई कामाचा नाही राह्यला तो. पोपटखेडच्या रस्त्याले सोडून द्या." पोरगा रडायला लागला. ताई म्हणाल्या, "मानसाची कंबर धरली तं त्याले सोडून देतो का आपुन?" आणि त्या दिवसाचा रोज बुडवून त्या कुत्र्याला दवाखान्यात घेऊन गेल्या.

हे होते कशामुळे?

कुत्र्याच्या पाठीचा कणा आपल्यासारखाच मण्यांचा असतो. दोन मण्यांच्या मध्ये गादी असते. नळाच्या दोन जोडांमध्ये रबरी वायसर असतो, तशी ही गादी समजा. वरून चिवट कडे, आत मऊ गर. काही जातींच्या कुत्र्यांत हा गर वयाच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच सुकून कडक होऊ लागतो. मग एखाद्या दिवशी साध्या उडीनेही कडे फाटते, गर बाहेर येतो आणि कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूवर दाब पडतो. दाब कमी असेल तर नुसते दुखते. जास्त असेल तर पाय लुळे पडतात.

आखूड पायांच्या डॅशहंडला हा त्रास सर्वांत जास्त. पेकिनीज, शित्झू, बीगल, कॉकर स्पॅनिअल यांनाही होतो. तीन ते सात वर्षांच्या वयात धोका अधिक. हान्सेन नावाच्या संशोधकाने १९५२ साली या गाद्यांच्या बिघाडाचे दोन प्रकार सांगितले. आखूड पायांच्या कुत्र्यांत एकाएकी होतो तो पहिला, आणि म्हाताऱ्या, मोठ्या कुत्र्यांत हळूहळू वाढतो तो दुसरा. २०१७ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी या आजाराशी निगडित असलेला जनुकातील बदलही शोधून काढला. म्हणजे माणसाने हौसेखातर आखूड पायांची जात वाढवली आणि दुखणे मात्र त्या जनावराच्या वाट्याला आले.

ही लक्षणे ओळखा

पायऱ्या चढायला किंवा उडी मारायला नकार, पाठीला बाक, पोट ताठ, उचलताना ओरडणे, मान खाली घालून फिरणे, ही सुरुवातीची लक्षणे. पुढे चाल झोकांड्या खाते, मागचे पाय एकमेकांत अडकतात, पंजा उलटा पडतो, नखे घासतात. शेवटी पाय उचलत नाहीत व लघवीवरचा ताबा जातो. पाय लुळे पडले, तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. मागचे पाय जाणे म्हणजे दरवेळी पाठच, असे नाही. गाडीचा मार, पिल्लांचा डिस्टेंपर आणि पिसाळण्याचा रोग यांतही पाय लुळे पडतात. लस न टोचलेला कुत्रा लाळ गाळत असेल, त्याला गिळता येत नसेल, आवाज बदलला असेल, तर त्याच्या तोंडात हात घालू नका. दुखणाईत कुत्रा घरच्या माणसालाही चावतो. चावलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि सरकारी दवाखान्यात जाऊन सुया घ्या. ब्रुनोला दरवर्षी लस दिलेली होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

दवाखान्यात काय झाले

डॉक्टरांनी चिमट्याने मागच्या पायाचे बोट जोरात दाबले. ब्रुनोने मान वळवून गुरकावले. डॉक्टर म्हणाले, "चावायला आला, हे चांगले झाले." पाय नुसता मागे ओढला जाणे पुरेसे नाही, कारण तो मेंदूपर्यंत खबर न जाताही ओढला जातो. कुत्र्याने ओरडावे, वळून पाहावे, म्हणजे वेदना मेंदूपर्यंत पोचते. ही जाणीव शाबूत असली तर बरे होण्याची आशा चांगली असते. ती गेली असेल तर तातडीची शस्त्रक्रिया हाच खरा उपाय, आणि तीही सगळ्यांना गुण देत नाही.

ताईंनी गोळीची गोष्ट खरी सांगितली. माणसाच्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंड बिघडते. त्यातच दुसरे औषध पडले तर धोका वाढतो. म्हणून आधी काय दिले ते डॉक्टरांपासून लपवू नका.

पुढे ब्रुनोला अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत नेले. मणक्याची शस्त्रक्रिया व एमआरआयची सोय मोठ्या शहरांत असते आणि खर्च मोठा. तो ताईंना झेपणारा नव्हता. म्हणून औषध आणि सक्त विश्रांती असे ठरले.

घरची शुश्रूषा

न्यायचे कसे? एक हात छातीखाली, दुसरा कमरेखाली, पाठ सरळ. पुढचे पाय धरून कधीही लोंबकळत उचलू नका. लांब जायचे तर फळीवर किंवा खोक्यात जाड घडी घालून निजवा. ताईंनी अकोटचीच जुनी सतरंजी वापरली.

विश्रांती म्हणजे निदान चार आठवडे, बहुधा सहा, लहानशा जागेत बंद. ताईंनी मोडकी बाज उलटी केली आणि चार खुरांभोवती जुने लुगडे गुंडाळून कुंपण केले. उडी नाही, पायऱ्या नाहीत, पोरांशी खेळ नाही. दुखणे थांबले की कुत्रा पळायला बघतो आणि तिथेच घात होतो. फाटलेले कडे भरून यायला वेळ लागतो.

शी-लघवीला नेताना पोटाखालून सतरंजीची पट्टी घालून मागचा भाग उचलून धरावा. पाय गेलेल्या कुत्र्याची लघवी तुंबते. थेंब-थेंब गळते म्हणजे मोकळी झाली असे नव्हे. पोट हलके दाबून ती दिवसातून तीन-चार वेळा काढावी लागते. हे डॉक्टरांकडून हात धरून शिकून घ्या. दर तीन-चार तासांनी कूस बदला, ओले झाले की कोमट पाण्याने पुसून कोरडे करा, नाहीतर अंगाला जखमा पडतात. मालिश, शेक, डाग यांतले काहीही मनाने करू नका.

तिसऱ्या आठवड्यात ब्रुनोने शेपटी हलवली. पोरगा जिनिंगपर्यंत धावत सांगायला गेला. सहाव्या आठवड्यात तो चार पायांवर उभा राहिला. आज चालतो, पण मागून थोडा हेलकावतो.

पुन्हा होऊ नये म्हणून

शस्त्रक्रियेविना बऱ्या झालेल्या कुत्र्यांत हे दुखणे पुष्कळदा उलटते. वजन वाढू देऊ नका. हात फिरवला तर फासळ्या लागल्या पाहिजेत. ताईंनी बिस्किटे बंद केली. बाजेवर, गाडीवर उडी मारू देऊ नका. गुळगुळीत स्टाइल फरशीवर सतरंजी अंथरा. गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीचा पट्टा बांधा. पुढच्या पायांवर उभे करून नाचवू नका, मागच्या पायांवरही नको.

सगळेच कुत्रे ब्रुनोसारखे उठत नाहीत. काहींचे पाय कायमचे जातात. तेव्हाही घाईने रस्त्यावर सोडणे हा उपाय नव्हे. डॉक्टरांशी बोला, घरातल्या मुलांना खरे सांगा, मग ठरवा. ताईंचे सहा आठवड्यांत बरेच रोज बुडाले. विचारले तर म्हणतात, "बुडाले तं बुडाले. पोरानं पाह्यलं ना, आपली आई कोनाले टाकत नाही."