प्रार्थनेची वाट – भाग ६ : मागितलं, पण मिळालं नाही

दुसऱ्यासाठी देवाकडे कसं मागावं, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. आज त्याच्यापुढचा अवघड प्रश्न: मागूनही मिळालं नाही तर विश्वास टिकवायचा कशाच्या जोरावर?

कागलकडच्या माणसाला कोल्हापूर जवळ. पण दुखणं हाताबाहेर गेलं की पिढ्यान्‌पिढ्या नाव निघतं ते मिरजेचं. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी तिथलं मिशन इस्पितळ १८९४ मध्ये सुरू केलं. अशा इस्पितळाच्या व्हरांड्यात सतरंजी, थर्मास, पिशवीत रिपोर्ट आणि उशाशी बायबल, असा ख्रिस्ती कुटुंबाचा मुक्काम पडतो. पाळक येऊन रुग्णाच्या डोक्यावर हात ठेवतात. घरी कुणी उपास धरलेला असतो. रुग्ण बरा झाला तर रविवारी मंडळीत साक्ष होते. ज्यांचं माणूस गेलं, ते मात्र मागच्या बाकावर गप्प बसतात. वर कुणीतरी कुजबुजतं, ‘विश्वास कमी पडला असेल.’

ही कुजबुज ईयोबाच्या मित्रांइतकी जुनी आहे. संकट आलं म्हणजे तुझंच काहीतरी चुकलं, असं ते त्याला पटवत राहिले. ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो देवाची बाजू घेणाऱ्या या मित्रांवर. भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे. पौलानं आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, सोसायला कृपा मिळाली. गेथशेमाने बागेत खुद्द येशूनं दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. प्याला टळला नाही. त्याचा विश्वास कमी पडला, असं कोण म्हणेल?

आपल्याकडचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. त्यांच्या आईवडिलांनी व्रतं, तीर्थस्नानं, पुराणवाचन, दानधर्म यांत काही कमी ठेवलं नव्हतं. तरी दुष्काळी उपासमारीत आई, वडील आणि थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढं त्यांनी लिहून ठेवलं, की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म तेवढा मिळाला होता. ख्रिस्त स्वतः नंतर भेटला.

या फरकाची कसोटी १९२१ मध्ये लागली. रमाबाईंनी केडगावला मुलींसाठी उभारलेल्या मुक्तिसदनाचा भार जिच्यावर सोपवायचा ती मनोरमा चाळिशीतच, २४ जुलैला, मिरजेच्या याच मिशन इस्पितळात वारली. आईनं काय मागितलं असेल, ते सांगायला नको. उपासना करूनही घर उद्ध्वस्त झालेलं रमाबाईंनी तरुणपणी पाहिलं होतं, आणि तेव्हा त्यांची जुनी श्रद्धा ढळली होती. या वेळी श्रद्धा ढळली नाही. केडगावला मुलींचा संसार चालू राहिला, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलचं कामही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

मला यातून उमगतं ते इतकंच: देवाशी नातं नवसाचं असेल, तर मागणं फसलं की नातंही संपतं. नातं माणसाचं माणसाशी असावं तसं असेल, तर त्यात रागाला आणि तक्रारीला जागा असते. स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि देवाला उद्देशूनच आहे.

म्हणून मंडळ्यांना एक सुचवावंसं वाटतं. बरं झालेल्यांची साक्ष होते, तशी माणूस गमावूनही उपासनेला येणाऱ्यांची व्हावी. त्यांना ‘देवाची इच्छा’ म्हणून गप्प करू नये, आणि रडायला लागले तर घाईनं गीत सुरू करू नये. ज्याला स्वतः प्रार्थना करवत नाही, त्याच्या वतीनं काही दिवस इतरांनी ती करावी. मंडळी असते ती त्यासाठीच.

पुढच्या आठवड्यात: विलापाची स्तोत्रं कशी वाचावीत?