देवडीवरचा माणूस
नाशिकच्या जुन्या मोठ्या वाड्यात शिरताना प्रथम लागते ती देवडी. दरवाजातली दिंडी उघडणारा पहारेकरी तिथे बसे. आल्यागेल्याची चौकशी करून आत वर्दी देई. पॅरिसमध्ये हेच काम दाराशीच राहणारा ‘कॉन्सिएर्ज’ करी. पुढे वाडे पडले, त्या जागी सदनिका आल्या. दारावरचे काम राहिले, देवडी मात्र गेली. पूर्वी पहारेकरी एका धन्याचा असे. आजचा वॉचमन साऱ्या बिऱ्हाडांचा, म्हणून त्याची काळजी कोणालाच नाही! खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी महाराष्ट्राने १९८१ साली कायदा केला. परंतु कायद्याआधी शेजारधर्म आहे. जो आपले दार राखतो, त्याला उन्हापावसात बसायला आडोसा आहे ना, हे पाहणे आपले कर्तव्य नव्हे काय?