घोड्याखालची रिकामी जागा

तांब्याची एक इवली टोपी. तुरीच्या दाण्याएवढी असेल-नसेल. आत तळाशी स्फोटक मसाल्याचा पातळ थर. आपल्याकडे तिला केप म्हणतात. कुडाळ, सावंतवाडी, दोडामार्गाकडच्या शेतकऱ्याची ठासणीची बंदूक या टोपीवाचून मुकी असते.

जगाने ही बंदूक केव्हाच मागे टाकली. मग ती सिंधुदुर्गात टिकली कशी? एक कारण रानडुकराचं. कापणीला आलेलं भात एका रात्रीत लोळवून टाकायला एक कळप पुरतो. दुसरं कारण कायद्यात आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याचं 13वं कलम पीकसंरक्षणाच्या परवान्यासाठी ठासणीच्या बंदुकीचं नावच घेतं. मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव कायदा वेगळा, त्याची परवानगीही वेगळी.

ही बंदूक भरण्यात एक सुंदर क्रम आहे. नळीच्या तोंडातून मापाने काळी दारू ओतायची. मग बोळा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा, आणि प्रत्येक वेळी गजाने ठासायचं. सगळं झाल्यावर, नळीचं तोंड मोकळ्या दिशेला धरून, शेवटी केप. चाप ओढला की घोडा केपेवर आदळतो, मसाला फुटतो आणि बारीक भोकातून ज्वाळेची जीभ दारूपर्यंत पोचते. केपेतला मसाला नुसत्या आघाताने फुटतो. काळ्या दारूला मात्र ठिणगी लागते. एक आघात ओळखते, दुसरी आग, आणि या दोघींची गाठ घालून देणं एवढंच या बंदुकीचं काम.

ही गाठ घालण्याची कल्पना अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याची. पूर्वीच्या गारगोटीच्या बंदुकीत बार उडण्याआधी बाहेर भपका व्हायचा आणि तो पाहून पाणपक्षी उडून जायचे. त्यावर उपाय शोधताना फोर्सिथने आघाताने फुटणारा मसाला वापरला आणि 1807 साली त्याचं पेटंट घेतलं. तांब्याची टोपी त्यानंतर थोड्याच वर्षांत आली.

जुनी हत्यारं हाताळण्याची शिस्त पाहायला आता अमेरिकेत चला. तिथे ‘काऊबॉय ॲक्शन शूटिंग’ नावाचा खेळ आहे. स्पर्धक एकोणिसाव्या शतकातला पोशाख करतात आणि त्या काळच्या घडणीची हत्यारं वापरतात. 1873 च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरला सहा घरं असतात, पण भरायच्या पाचच गोळ्या. घोडा टेकवायचा तो सहाव्या, रिकाम्या घरावर. कारण या जुन्या घडणीत घोडा खाली असला की त्याची टोचणी थेट गोळीच्या बुडावर टेकलेली असते. रिव्हॉल्व्हर हातातून दगडावर पडलं तरी बार उडू शकतो. रायफलीसाठी गोळीची निवडही अशीच विचारपूर्वक. नळीसारख्या कोठीत गोळ्या एकामागे एक बसतात आणि मागच्या गोळीचं टोक पुढच्या गोळीच्या बुडाला भिडतं, म्हणून गोळी चपट्या नाकाची हवी. बंदुका भरायचं टेबल वेगळं, रिकाम्या करायचं वेगळं. डोळ्यांना चष्मा सक्तीचा आणि कानांच्या संरक्षणाचाही आग्रह.

मला थक्क करते ती ही एकच गोष्ट: घोड्याखाली रिकामी जागा. आपल्या बंदुकीचा नियमही नेमका तोच आहे. केप चढवलेली आणि घोडा तिच्यावर टेकलेला, अशी बंदूक घेऊन गडग्यावरून उडी मारली, घोड्याला दगडाचा ठोका बसला, की संपलं. घोडा अर्ध्यावर अडकवून ठेवणारी खाच असते, पण झिजलेल्या खाचेवर भरवसा ठेवू नये. चालताना केप काढलेली हवी, हाच खरा बंदोबस्त.

दुसरा धोका विसरण्याचा. नळी भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून दिसत नाही. अमेरिकेतल्या 1863 च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून सुमारे 27 हजार बंदुका गोळा केल्या, त्यांतल्या हजारो बंदुकांत एकावर एक दोन बार ठासलेले निघाले. एकीत तर तेवीस! उपाय साधा आहे. रिकाम्या नळीत गज किती आत जातो, तिथे गजावर एक खूण करा. नेहमीचा बार भरल्यावर कुठवर जातो, तिथे दुसरी. गज टाकला की नळी स्वतःच सांगते. बोळा आणि छर्रे दारूवर घट्ट बसले नाहीत, मध्ये पोकळी राहिली, तर नळी फुगते किंवा फाटते. तेही ही खूणच दाखवते.

दारू काळीच हवी. काडतुसातली बिनधुराची दारू या नळीत गेली तर तिचा दाब नळीला सोसणार नाही. आणि केप फुटूनही बार उडाला नाही, तर नळी खाली घेऊ नका, तोंडाशी डोकावू नका. मोकळ्या दिशेला रोखून निदान मिनिटभर थांबा. आत दारू धुमसत असू शकते.

काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन क्षारांच्या रूपात मागे उरतो. म्हणून एवढा धूर, आणि म्हणून नळीत काजळी. हे क्षार हवेतलं पाणी ओढतात. मालवण किनाऱ्याच्या दमट हवेत रात्रीतून गंज धरतो. नुसत्या तेलाने हे क्षार जात नाहीत, पाण्यातच विरघळतात. म्हणून बार उडवल्या दिवशीच गरम पाण्याने नळी धुवायची, कोरडी करायची, मगच तेल.

तुमच्या घरी परवान्याची अशी बंदूक असेल, तर केपांची डबी आजच वेगळ्या कुलपात ठेवा. आणि गजावरच्या त्या दोन खुणा, बंदूक पुढे ज्याच्या हाती जाणार आहे, त्याला एकदा नीट दाखवा.