घाम वाळला तरच अंग गार होतं

घाम आला की आपण वैतागतो. पण उन्हाळ्यात आपला जीव हाच घाम सांभाळतो. शरीराच्या आतलं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहावं लागतं. कष्टाचं काम करताना अंगात उष्णता तयार होते, वरून उन्हाची झळ लागते. तेव्हा कातडीतल्या २० लाखांहून अधिक घामग्रंथी पाणी बाहेर टाकतात. ते पाणी वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातं.

म्हणजे घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळायला हवा. नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या हवेत घाम लगेच उडतो. अंगातलं किती पाणी गेलं, ते कळतही नाही. मुंबईच्या दमट हवेत तो नुसता ओघळतो. पाणी जातं, पण गारवा मिळत नाही. पत्र्याच्या बंद खोलीत तर हवाच हलत नाही. म्हणून घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या बाळांनाही उष्माघात होऊ शकतो. दुपारी त्यांचं अंग ओल्या फडक्याने पुसावं आणि वारा घालावा.

आपल्या कितीतरी आयाबहिणी कामावर पाणीच पीत नाहीत, कारण तिथे संडास नसतो. पाणी कमी पडलं की घामही कमी होतो आणि अंग तापत जातं. हा त्यांचा दोष नाही. बांधकामावर पिण्याचं पाणी आणि संडास देण्याची जबाबदारी १९९६ च्या कायद्याने मालकावर टाकली. ती सोय आपण सगळ्यांनी मिळून मागितली पाहिजे.

तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पाणी पीत राहावं. घामावाटे मीठही जातं, म्हणून मीठ घातलेलं ताक किंवा लिंबूपाणी घ्यावं. रक्तदाब किंवा किडनीचा आजार असेल, तर मिठाबद्दल आधी डॉक्टरांना विचारावं.

चक्कर आली, पोटऱ्यांत गोळे आले, तर काम थांबवून सावलीत बसावं आणि पाणी प्यावं. पण अंग भट्टीसारखं तापलं आणि माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा, मग घाम येत असो वा नसो. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये. तापाची गोळीही इथे चालत नाही. लगेच १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत राहावं आणि जोरात वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.